कौसल्या, कैकेयी आणि आमच्या राजमाता

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या पनवेलीत अंगणाअंगणांतून, आणि जिथे अंगणे उरली नाहीत तिथे इमारतींच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून, मातीचे किल्ले उभे राहू लागतात. गोणपाट, विटा, लाल माती, तटाच्या कडेने पेरलेली मोहरी, शिखरावर सिंहासनस्थ महाराज, दरवाजावर मावळे आणि पायथ्याशी काळाचे काहीही भान न ठेवता बसलेली एक भाजीवाली! गेल्या वर्षी शेजारच्या एका चिमुरडीने मला तिच्या किल्ल्यापाशी ओढत नेले. बाजारातून आणलेल्या चित्रांत जिजाबाईंचे एक चित्र निघाले होते आणि ते कुठे ठेवायचे यावरून भावाबहिणींत जुंपली होती. भावाचे म्हणणे, सिंहासनाच्या मागे ठेवावे. बहिणीचे म्हणणे, शेजारी. मी पडलो चार बुके वाचलेला. मी सांगितले, "खाली ठेव, पायथ्याशी. गडावरचा गार वारा आईसाहेबांना मानवेना, म्हणून महाराजांनी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला होता." पोरीने माझ्याकडे असे काही पाहिले की जणू मीच आईसाहेबांना गड उतरायला लावले. "म्हणजे महाराज वर आणि आई खाली?" एवढे म्हणून तिने ते चित्र आपल्या परकराच्या ओच्यात ठेवून दिले.

त्या पोरीचा प्रश्न मला पुढे वर्षभर पुरला. कारण मागे, शेजारी की खाली, हा पेच केवळ मातीच्या किल्ल्याचा नाही. आमच्या नाटककारांना आणि कादंबरीकारांनाही तो सुटलेला नाही. सिंहासनावरच्या पुरुषाचे चित्र त्यांनी शंभर वर्षे घासूनपुसून लख्ख केले. त्याच्या मागे उभ्या असलेल्या आईला मात्र कुठे ठेवावे हे त्यांना उमजले नाही. या लेखात मला त्याच गोष्टीचा थोडा विचार करावयाचा आहे.

हा विचार पनवेलकराने करावा हे एका परीने योग्यच आहे. ज्याला पूर्वी कुलाबा म्हणत आणि १९८१ साली ज्याचे नाव रायगड झाले, तो हा आमचा जिल्हा. पनवेल सोडून दक्षिणेला निघाले की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मग पेण, माणगाव, महाड आणि पाचाड. त्या एका गडाच्या वर-खाली पंधरा-सोळा वर्षांच्या अवधीत मराठ्यांच्या तीन राजमातांची आयुष्ये पणाला लागली. ६ जून १६७४ ला मुलाच्या मस्तकावर छत्र धरलेले पाहून अकरा दिवसांनी जिजाबाईंनी पाचाडला देह ठेवला. १६८० च्या एप्रिलात त्याच गडावर सोयराबाईंच्या दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसविण्यात आले आणि दोनएक महिन्यांत सारा डाव उधळला. १६८९ मध्ये मोगलांचा वेढा पडत असताना त्याच गडावर येसूबाईंनी एक निर्णय घेतला, ज्याची किंमत त्यांनी पुढे तीस वर्षे फेडली. तीन स्त्रिया, तीन प्रसंग, राज्य एकच. पण आपल्या साहित्यात यांतली एक देवी झाली, दुसरी राक्षसीण झाली आणि तिसरी जवळजवळ अदृश्य झाली. असे का व्हावे?

माझ्या मते याचे कारण आपल्या लेखकांच्या दौतीत नसून त्यांच्या, आणि आपल्याही, संस्कारांत आहे. राजाची आई म्हटली की आपल्या मनात रामायणाचे दोन साचे तयार असतात: एक कौसल्येचा आणि दुसरा कैकेयीचा. कौसल्या मागत नाही, म्हणून ती वंद्य. कैकेयी मागते, तेही आपल्या पोटच्या पोरासाठी, म्हणून ती निंद्य. महाभारताने याहून मोठे साचे दिले होते. रणातून पराभूत होऊन आलेल्या आपल्या मुलाला पुन्हा लढायला धाडणारी विदुला तिथे आहे. तिचीच कथा मुलांना कळवणारी कुंती तिथे आहे. पण घरोघरच्या देवघरात रामपंचायतन असते, विदुलेचे चित्र कुणी टांगत नाही. ऐतिहासिक नाटक लिहायला बसलेला लेखक म्हणूनच नकळत विचारतो, की ही बाई कौसल्या की कैकेयी? उत्तर मिळाले की अर्धे नाटक लिहून झालेले असते.

सोयराबाईंचे उदाहरण घ्या. गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले 'राजसंन्यास' आणि औंधकरांचे १९२४ चे 'बेबंदशाही' या काळात संभाजीराजांची जी प्रतिमा रंगभूमीवर होती, ती तेजस्वी पण वाट चुकलेल्या पुरुषाची होती. त्या प्रतिमेमागे मल्हार रामराव चिटणिसांची बखर उभी होती, आणि चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनीच देहान्त शिक्षा दिली होती, हे विसरून चालणार नाही. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी उभी हयात कागद चाळण्यात घालवली आणि १९६० साली त्यांचा संभाजीचरित्राचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' १९७१ चा. या संशोधनाने एका शूर, विद्वान आणि दुर्दैवी राजावरचा काळिमा धुतला, ही मराठी इतिहासलेखनाची मोठी पुण्याई होय. पण वाचकहो, धुतलेला तो काळिमा गेला कुठे, याचा कुणी शोध घेतला आहे काय?

तो सोयराबाईंच्या तोंडाला फासला गेला. नाटकाला संघर्ष हवा, संघर्षाला अपराधी हवा. मुलगा निर्दोष ठरल्यावर आणि बापाला दोष देणे तर अशक्यच असल्यावर उरली कोण? सावत्र आई! १९६२ साली रंगभूमीवर आलेले कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे या पठडीतले सर्वांत समर्थ नाटक. त्यातला बापलेकांचा ताण इतका खरा आहे की आजही प्रेक्षकांच्या घशाशी आवंढा येतो. राज्य मिळवलेल्या बापाला घर सांभाळता येऊ नये, ही त्याची कल्पना थोर आहे, आणि ती पेलण्याची ताकद कानेटकरांच्या लेखणीत होती. परंतु बाप आणि मुलगा यांना त्यांनी जी मोकळी मने दिली, ती राणीला दिली नाहीत. शिवाजी महाराज स्वतःशी वाद घालतात, संभाजीराजे स्वतःशी झगडतात. सोयराबाई मात्र आपल्या हट्टाला अखेरपर्यंत चिकटून राहतात. १९७९ च्या 'छावा' कादंबरीत शिवाजी सावंतांनी भाषेचा पूर वाहवला, पण सोयराबाईंचा काठ तोच राहिला. आणि आताच्या दूरदर्शन मालिकांबद्दल काय बोलावे! २०१७ पासून तीनेक वर्षे चाललेली 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका आमच्या आळीत सगळी कुटुंबे एकत्र बसून पाहत. पडद्यावर सोयराबाई आल्या, की त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच आमच्या घरातल्या बायका कडाकडा बोटे मोडीत!

आता इतिहासाकडे वळू. १६८० च्या ऑगस्टात, म्हणजे रायगड हाती आल्यावर थोड्याच काळात, संभाजीराजांनी कुडाळच्या बाकरेशास्त्र्यांना एक संस्कृत दानपत्र दिले. त्यात त्यांनी आपल्या सावत्र मातेचे मन स्फटिकासारखे निर्मळ असल्याचे म्हटले आहे, आणि तिचे मन कलुषित करण्याचा दोष प्रधानांच्या माथी मारला आहे. ज्याच्या विरुद्ध कट झाला तोच हे म्हणतो! हे शिष्टाचाराचे शब्द असतील, राजकारणी धूर्तपणाही असेल. पण ज्या राजाच्या बाजूने आपण अश्रू ढाळतो, त्याची साक्ष त्याच्या सावत्र आईच्या बाबतीत मात्र काढायची नाही, हा कुठला न्याय? सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची कथा अशीच लोकांच्या तोंडी राहिली; वास्तविक त्या पुढे १६८१ पर्यंत हयात होत्या.

आणि राजकारण म्हणून पाहू गेल्यास १६८० चा प्रसंग एका बाईच्या मत्सराएवढा लहान नाहीच. थोरल्या मुलानेच गादीवर यावे असा कडक दंडक तेव्हाच्या मराठी राज्यात रुळलेला नव्हता. युवराज १६७८ च्या अखेरीस दिलेरखानाकडे गेले होते आणि वर्षभराने परतून पन्हाळ्यावर होते. अण्णाजी दत्तो, मोरोपंत यांच्यासारखे मुरब्बी प्रधान आपल्या अधिकाराच्या चिंतेत होते. वयाने लहान राजा आणि त्याच्या नावाने चालणारा प्रधानांचा कारभार यात त्यांचे हित होते. या साऱ्यांत राणीची सत्ता ती किती? खरा निकाल लावला सेनापतीने. हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ. ते भाच्याच्या बाजूने न जाता संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि कट तिथेच संपला. बहिणीला भाऊ नाकारतो, राज्यासाठी. मला सांगा, यात नाटक नाही? आहे, फार मोठे आहे. पण ते कैकेयीच्या साच्यात मावत नाही, म्हणून कडेला राहते.

या साच्याने कैकेयीवर अन्याय केला हे तर दिसतेच. तितकाच तो कौसल्येवरही करतो, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही. जिजाबाईंवर आपण स्तुतीची इतकी फुले उधळली, की त्यांखाली त्यांचे काम दिसेनासे झाले. 'श्रीमान योगी' ही रणजित देसाईंची १९६८ ची कादंबरी घराघरांत वाचली गेली. तिच्या पूर्वार्धाचा प्राण जिजाऊच आहेत, आणि त्यातले मायलेकांचे प्रसंग वाचताना आपल्यासारख्या कुटुंबवत्सल माणसाचे डोळे ओले होतात, हे मी कबूल करतो. पण त्या जिजाऊ बहुतांशी घडवणाऱ्या, धीर देणाऱ्या, वाट पाहणाऱ्या आई आहेत. १६६६ साली महाराज आग्र्यास गेले, कैदेत पडले आणि निसटून परत आले. त्या अनेक महिन्यांत राज्य कुणाच्या देखरेखीखाली उभे होते? पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले गेलेले, राजा शत्रूच्या राजधानीत अडकलेला, आणि तरीही इथली घडी मोडली नाही. जिजाबाईंनी वतनाच्या भांडणांत हुकूम दिल्याचे कागद आहेत. म्हणजे ही बाई केवळ रामायण-महाभारताच्या गोष्टी सांगत नव्हती, तंटे ऐकत होती, निवाडे देत होती, माणसे तोलत होती. पण आपल्या साहित्याला निवाडा देणाऱ्या बाईपेक्षा निरांजन ओवाळणारी बाई अधिक आवडते. पाचाडला उतरवलेली आई ती हीच!

सगळ्यांनीच असे केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच रणजित देसाईंच्या 'स्वामी'त, १९६२ साली, गोपिकाबाईंच्या रूपाने एक अपवाद दिसतो. पानिपतावर थोरला मुलगा गेला, पाठोपाठ पती नानासाहेब गेले, आणि सोळा वर्षांचा माधवराव गादीवर आला. अशा वेळी मुलाच्या मागे राहून राज्याची सूत्रे हाती ठेवू पाहणाऱ्या आईला, एके दिवशी मुलगाच थांबवतो. आजोळच्या रास्त्यांना झालेल्या दंडावरून ठिणगी पडते. आईची भिडही न्यायाच्या आड येऊ द्यायची नाही असे मुलगा ठरवतो आणि आई पुणे सोडून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहते. या प्रसंगी आपल्याला मुलाचे म्हणणे पटते आणि आईचे दुःखही समजते. दोघांपैकी कुणीही राक्षस ठरत नाही. देसाईंनी तिथे सत्तेचे भांडण सत्तेचे म्हणून रंगवले आणि मायेचा धागाही तुटू दिला नाही. मात्र त्यांची लेखणी लवकरच माधवराव-रमाबाईंच्या हळव्या संसाराकडे वळते, आणि गोपिकाबाई मागे पडतात. तिन्ही मुलांचे मरण पाहून १७८८ पर्यंत जगलेली, आणि नातू सवाई माधवरावाला दिवस कसा घालवावा, कसे वागावे याच्या सूचना लिहून पाठवणारी ती करारी म्हातारी कुणा कादंबरीकाराची वाट पाहत अजून गंगापुरातच बसली आहे.

हा नातू ज्या परिस्थितीत जन्मला ती तर आमच्या पनवेलीच्या दाराशी येऊन भिडली होती. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा खून झाला तेव्हा त्याची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेऊन ठेवले, तिच्या नावाने कारभार चालवला आणि १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाल्यावर त्या तान्ह्याला पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली. जन्माआधीच ज्याचा हक्क ठरला, त्या पोराला हटवून राघोबादादाला पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज खाडीने येऊन आमच्या पनवेलीस उतरली आणि इथून बोरघाट चढून गेली. इष्टुर फाकडा कार्ल्यापाशी पडला, जानेवारी १७७९ त वडगावला इंग्रजांना तह करावा लागला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण जिच्या उदरातल्या अंकुरावर ही सारी लढाई उभी होती, ती गंगाबाई १७७७ सालीच मरून गेली होती. नाव आईचे, शिक्का मुलाचा आणि लेखणी नाना फडणीस-सखारामबापूंची! खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ने १९०९ मध्ये या खुनाचे नाटक लिहिले, आणि आनंदीबाई मराठी रंगभूमीवर कायमच्या खलनायिका म्हणून स्थिरावल्या. 'ध' चा 'मा' करणारा हात आपल्याला पाठ आहे. पुरंदरावर बंदोबस्तात बसवलेल्या त्या विधवेचा चेहरा मात्र कुणी पाहिला नाही. राजमातेच्या सत्तेबद्दल बोलताना हे ध्यानात ठेवले पाहिजे, की पुष्कळदा ती सत्ता दुसऱ्यांनी तिच्या पदराआडून चालवलेली असते, आणि दोष द्यायची वेळ आली की तेवढा पदर पुढे केला जातो.

आता ज्या दोघींनी खरोखर राजकारण केले, त्यांच्याकडे येतो. १ फेब्रुवारी १६८९ ला संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले. रायगडावर येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू. रूढ कैकेयी असती तर म्हणाली असती, माझ्या मुलाला बसवा. येसूबाईंनी आपला हक्क बाजूला ठेवून दिराला, राजारामांना, पुढे केले. त्यांना गडाबाहेर पडायला लावले आणि स्वतः मुलासह वेढ्यात राहिल्या. राजाराम एप्रिलात निसटले, पुढे जिंजीला पोचले. गड नोव्हेंबरपर्यंत झुंजला आणि मग येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेत गेले. हा केवळ त्याग नव्हता, हिशेब होता: राजा आणि वारस एकाच जागी सापडू द्यायचे नाहीत. ज्या स्त्रीला तिच्या नवऱ्याने स्वतंत्र शिक्का दिला होता, ती राज्याचा असा विचार करू शकत होती यात नवल नाही. पुढे १७०७ त शाहू सुटले, १७०८ च्या जानेवारीत त्यांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला, आणि आई मात्र ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिली ती थेट १७१९ पर्यंत. अकरा वर्षे मुलगा छत्रपती आणि आई शत्रूच्या घरी कैदी! सिंहासनामागची राजमाता कशाला म्हणतात हे ज्याला लिहायचे असेल, त्याने या अकरा वर्षांकडे पाहावे. मुलाच्या प्रत्येक चालीला आईच्या जिवाचे वजन बांधलेले होते. पण आमच्या नाटकांतल्या येसूबाई संभाजीराजांच्या मरणापाशी टाहो फोडतात आणि पडद्याआड जातात; त्यांचे खरे नाटक तर तिथून सुरू होते.

आणि ताराबाई! हंबीररावांची मुलगी, म्हणजे सोयराबाईंची भाची आणि पुढे सूनही. १७०० च्या मार्चात राजाराम सिंहगडावर वारले तेव्हा त्या अवघ्या पंचविशीच्या. पोर चार वर्षांचा नाही, औरंगजेब दाराशी, आणि गादीवर शाहूंचा हक्क मानणारेही दरबारात आहेत. ताराबाईंनी आपला मुलगा शिवाजी याला गादीवर बसवले आणि सात वर्षे बादशहाला झुंजवत ठेवले. त्याने सातारा घेतला, पन्हाळा घेतला, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा एकामागून एक घेतले. आणि इकडे मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्या-गुजरातेत शिरल्या. किल्ले घेता घेता म्हातारा बादशहा थकला आणि १७०७ त नगरला मेला.

इथे जरा थांबून पाहा. आत्याने १६८० साली जे केले तेच भाचीने १७०० साली केले: दुसऱ्या शाखेचा हक्क डावलून पोटच्या अल्पवयी मुलाला राज्य दिले. आत्या कैकेयी आणि भाची रणरागिणी! फरक दोघींच्या मनांत होता की दोघींच्या वेळेत? दाराशी शत्रू होता म्हणून एकीच्या महत्त्वाकांक्षेला आपण शौर्य म्हणतो. तो नव्हता म्हणून दुसरीच्या महत्त्वाकांक्षेला मत्सर. मी सोयराबाईंना ताराबाईंच्या पंक्तीला बसवतो आहे असे कुणी समजू नये. ताराबाईंचे कर्तृत्व सिद्ध झाले, सोयराबाईंचे झाले नाही. पण मोजण्याचे माप दोघींना एकच लावा, एवढेच माझे मागणे.

ते माप ताराबाईंनाही सोपे जाणार नाही. शाहू परतल्यावर त्यांना तोतया ठरवून त्या लढल्या, खेडला हरल्या. १७१४ साली सवत राजसबाईंनी आपल्या मुलासाठी ताराबाईंनाच मुलासह कैदेत टाकले. जे त्यांनी येसूबाईंच्या मुलाला नाकारले, तेच दैवाने त्यांच्या मुलाला नाकारले. १७४९ त शाहू वारल्यावर पंचाहत्तरीकडे झुकलेल्या या बाईने रामराजा हा आपला नातू म्हणून पुढे आणला, वर्षभरात त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले, आणि १७५२ मध्ये जेजुरीला शपथेवर सांगितले, की हा माझा नातू नव्हे. पेशव्यांच्या हातून छत्रपतींची सत्ता सोडवायला त्या निघाल्या होत्या. शेवटी घडले ते उलटेच. छत्रपती कैदी झाला आणि राज्य पुरतेच पुण्याला गेले. १७६१ च्या डिसेंबरात, पानिपतानंतर काही महिन्यांनी, त्या वारल्या. शिवरायांच्या सुनेने पानिपतची बातमी ऐकली, ही एकच गोष्ट डोळ्यांपुढे आणा! डॉ. जयसिंगराव पवारांसारख्या अभ्यासकांनी हे चरित्र कागदपत्रांतून उभे केले आहे, २०२१ साली त्यांच्यावर दूरदर्शन मालिकाही आली. परंतु 'रायगडाला' किंवा 'स्वामी' यांच्या तोडीची, पिढ्यानपिढ्या मनात राहणारी ताराबाई मराठी ललित साहित्याने अजून दिलेली नाही. कारण ती कौसल्या नाही आणि कैकेयीही नाही. सातव्या वर्षी एक आणि सत्तराव्या वर्षी दुसरी असेही तिचे वाटप करता येत नाही. जेजुरीच्या पायऱ्यांवर नातवाला नाकारणारी आजी खरी, आणि बादशहाला दमवणारी राणीही खरी.

कुणी म्हणेल, नाटककार काही इतिहासकार नव्हे. त्याला रस हवा, सनावळी नको. अगदी मान्य. मी सनावळी मागतच नाही, मी रसच मागतो आहे. रायगडावर राज्याभिषेक होण्याच्या पाच वर्षे आधी, १६६९ साली, पॅरिसमध्ये रासीन या नाटककाराचे 'ब्रिटानिकस' रंगभूमीवर आले. पडदा उघडतो तेव्हा रोमच्या बादशहाची, नीरोची, आई अग्रिपिना पहाटे मुलाच्या बंद दारापाशी उभी असते. जिने कारस्थाने करून त्याला गादीवर बसवले, तिलाच आता भेटीसाठी ताटकळावे लागते. ती साध्वी नाही. पण तिचा धाक, तिचा अपमान, आपल्या हातून सत्ता निसटते आहे हे ओळखणारी तिची बुद्धी, सारे त्या एका उभे राहण्यात आहे. रासीनने तिला क्षमा केली नाही आणि लहानही केले नाही. गंगापूरच्या गोपिकाबाई, कैदेतल्या येसूबाई, साताऱ्याच्या ताराबाई, यांपैकी कुणाच्या दारात हे उभे राहणे नव्हते?

आणि दोष लेखकांनाच देऊन आपल्याला हात झटकता येणार नाहीत. तिकीट काढतो तो आपण. इथल्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात ऐतिहासिक नाटक लागले की आजीपासून नातवापर्यंत सारे घर जाते. टाळी कुठे पडते ते मी पुष्कळदा ऐकले आहे. आई मुलाला ओवाळते तिथे पडते, आई मुलासाठी रडते तिथे पडते. आई राज्याचा हिशेब मांडते तिथे कुणी खोकतो, कुणी चहा मिळेल का म्हणून दाराकडे पाहतो. आपल्याच घरांतून पाहा ना: जी आई आपल्यासाठी काही मागत नाही तिचे आपण गोडवे गातो, आणि जी घराच्या व्यवहारात आपले मत रेटते तिला 'फार चालवते' म्हणतो. मग रंगभूमीवर आपल्याला दुसरे काय दिसणार? मुलींना आपण जिजाऊ व्हायला सांगतो. जिजाऊंनी निवाडे दिले, हे मात्र सांगत नाही.

या वर्षी किल्ल्याची माती पुन्हा आली आहे. ती चिमुरडी आता एक इयत्ता पुढे गेली. ते चित्र तिने वर्षभर जपून ठेवले होते. काल मी तिला सांगितले, की आईसाहेब म्हातारपणी पाचाडला राहिल्या हे खरे, पण महाराज आग्र्याला अडकले होते तेव्हा मागे राज्याला त्यांचाच आधार होता. तिने थोडा वेळ विचार केला. मग किल्ल्याच्या मधल्या माचीवर, दरवाजातून वर जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी तिने जिजाबाईंना बसवले आणि समोर दोन मावळे उभे केले.

"हे दोघे भांडतायत," ती मला म्हणाली, "आणि त्या ऐकतायत."